बोटाच्या मधल्या सांध्यातून तुकडा निघालाय. तार घालावी का पट्टीवरच राहावं?

अंजनीकाठ · १३ जुलै, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. एरंडोलजवळच्या खेड्यातून लिहितोय. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

५ जुलैला कपाशीत कोळपणी चालू होती. गडी आला नाही म्हणून मीच कोळपं धरलं. उजव्या हातात कासरा होता आणि त्याचा एक वेढा बोटांना दिलेला. बोटाला वेढा देऊ नको हे वडिलांनी पन्नास वेळा सांगितलं असेल. बांधावरून मुंगूस पळालं, आमचा बैल सर्ज्या बुजला आणि करंगळीशेजारचं बोट झटक्यात उलटं मागे गेलं. कट्‌ असा आवाज आला. बघतो तर मधल्या सांध्याशी बोटाला पायरी पडलेली. शेजारच्या वावरातल्या आप्पांनी "तोंड तिकडे कर" म्हणत बोट धरून ओढलं. ते जागेवर बसलं, दुखणं निम्म्यावर आलं, आणि मग काय, दवाखाना राहिलाच.

तिसऱ्या दिवशी बोटाचं भरताचं वांगं झालं. तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला. तिथले म्हणाले बारीक तुकडा निघालाय, काळजी नको. पंजा सपाट ठेवून बोटांच्या टोकापर्यंत कच्चं प्लास्टर घातलं आणि चार आठवडे सांगितले. काल मावसभावाने जळगावला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात सांधा नीट बसलेला वाटत नाही, तार किंवा स्क्रू लागेल, पस्तीस-चाळीस हजार धरून चला.

खताला, बियाण्याला पैसे गेलेत. घरचे म्हणतात, बोटाचं कोणी ऑपरेशन करतं का? कोणाला असं झालंय का? काय केलं होतं?

शेवभाजी_फॅन · १३ जुलै, रात्री ९:३४

भो, तुना बोटले काय व्हयनं हे! सर्ज्या बरा शे ना? 😄

मांडेवाली_आक्का · १३ जुलै, रात्री ९:४१

भाऊ, बोटात अंगठी असेल तर आधी ती काढली का ते सांग. बाकी चर्चा नंतर.

अंजनीकाठ · १३ जुलै, रात्री ९:५०

आक्का, त्याच दिवशी काढली. बायकोने शिवणाचा दोरा अंगठीखालून सुईने सरकवला, पुढच्या बाजूचा दोरा बोटावर सांध्याच्या पलीकडेपर्यंत घट्ट वेढे देत गुंडाळला, खोबरेल लावलं आणि मागचं टोक धरून उलगडत गेली. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे येते. मी ओरडत होतो ते वेगळं. एक दिवस उशीर झाला असता तर कापावीच लागली असती.

सर्ज्याला काही नाही. मजेत कडबा खातोय.

कापूसकोंड्या · १३ जुलै, रात्री १०:१५

चाळीस हजार? बोटाला? अरे आमच्या आजोबांचं मनगट हाडवैद्याने कामट्या बांधून बसवलं, नव्वदीपर्यंत विहिरीचं पाणी ओढलं त्यांनी. हाडजोडीचा पाला वाट, हळद घाल, लेप दे. निसर्ग जोडतो हाड, डॉक्टर बिल जोडतो.

यार्डमास्तर · १३ जुलै, रात्री १०:४०

भुसावळहून. माझी केस वेगळी आहे पण ऐका, कारण त्यात शिकण्यासारखं काही असेल तर ते फक्त माझा मूर्खपणा आहे.

रेल्वेच्या मैदानावर लेदर बॉल कॅच घ्यायला गेलो, बॉल मधल्या बोटाच्या टोकावर आदळला. नखाकडचं पेर खाली लोंबलं. दुखत फार नव्हतं, फक्त टोक वर उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, पेर वर उचलणारी शिर तुटताना हाडाचा कपचा घेऊन निघालीय. ऑपरेशन नको, पण टोक सरळ ठेवणारा छोटा स्प्लिंट सहा आठवडे चोवीस तास, पुढे काही आठवडे रात्री. एकदाही वाकवायचं नाही. धुवायला काढलाच तर बोटाचं टोक टेबलावर टेकवून ठेवायचं, तरंगतं सोडायचं नाही.

पंचविसाव्या दिवशी आंघोळीला बसलो, स्प्लिंट काढला आणि "बघू तरी किती जुळलंय" म्हणून बोट वाकवलं. वाकलं छान. वर येईना. डॉक्टरांनी रागावणंसुद्धा टाळलं. कॅलेंडर पुढे केलं आणि म्हणाले, आजचा दिवस पहिला. सहा आठवड्यांचे साडेनऊ झाले.

आज टोक थोडं झुकलेलं आहे, पण शर्टाची बटणं लागतात, शिट्टी धरता येते. तेवढं पुरे.

हाडाचा_डॉक्टर · १४ जुलै, सकाळी ७:०५

धुळ्याकडे ऑर्थोपेडिक प्रॅक्टिस करतो. फिल्म न बघता तार घाला किंवा घालू नका असं सांगणार नाही. पण उद्या डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते सांगू शकतो.

पहिलं, एक्स-रे कसा काढलाय? बहुतेक वेळा पूर्ण पंजाचा समोरून आणि तिरका, अशा दोन फिल्म निघतात. तिरक्यात चारही बोटं एकमेकांवर चढलेली दिसतात. बोटाच्या मधल्या सांध्याचं खरं चित्र कळतं ते फक्त त्या एका बोटाच्या, अगदी बाजूने काढलेल्या फिल्मवर. बाकीची बोटं मुठीत घ्यायची किंवा बाजूला धरायची. हा एक्स-रे काही शे रुपयांचा आहे आणि तुमच्या चाळीस हजारांचं उत्तर त्यात आहे.

दुसरं, तुकडा "बारीक" आहे का हा प्रश्नच अर्धवट आहे. तुमचं बोट मागे उलटलं. तेव्हा सांध्याच्या तळहाताकडच्या बाजूचा जाड पडदा ताणला जातो आणि मधल्या पेराच्या बुडाचा कपचा घेऊन सुटतो. तो कपचा सांध्याच्या पृष्ठभागाचा केवढा भाग आहे यावर सगळं अवलंबून. साधारण ३० टक्क्यांच्या आत असेल तर सांधा बहुधा जागेवर राहतो, पट्टीवर आणि लवकर हालचालीवर काम भागतं. ५० टक्क्यांच्या पुढे बहुधा राहत नाही. मधल्यांचं तपासूनच ठरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेर मागे सरकलेलं आहे का. नीट बसलेल्या सांध्यात दोन्ही हाडांच्या मधली फट सगळीकडे सारखी दिसते. सरकलेल्यात ती पाठीच्या बाजूला उलट्या व्ही अक्षरासारखी उघडते. आप्पांनी ओढून बसवलं ते कदाचित बसलंही असेल, पण बोट सरळ केलं की असा सांधा पुन्हा मागे निसटतो. तुम्हाला प्लास्टर नेमकं बोट सरळ ठेवून घातलंय. ते मला खटकतंय.

तिसरं, दिवस मोजा. आज नववा. दोन आठवड्यांच्या आत सांधा बसवणं सोपं असतं, तीन आठवडे उलटले की आत जाळं धरतं आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं. चार आठवडे वाट बघून दाखवायला येणाऱ्यांचीच मला सर्वांत जास्त चिंता असते.

पैशाचं: जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. आणि तंबाखू खात असाल तर महिनाभर तरी बंद. निकोटिनमुळे हाड जुळायला वेळ लागतो, हे मी लेपवाल्यांनाही सांगतो.

कापूसकोंड्या · १४ जुलै, सकाळी ८:३०

डॉक्टरसाहेब, म्हणजे आमचे आजोबा खोटे?

हाडाचा_डॉक्टर · १४ जुलै, सकाळी ८:५२

आजोबा खरे. हाड मधोमध मोडलं असेल आणि जागेवर असेल तर ते बांधून ठेवलं की जुळतं, हाडवैद्याने बांधलं तरी आणि मी बांधलं तरी. जुळताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. सांधा म्हणजे बिजागरी. बिजागरीत एका मिलिमीटरची पायरी राहिली तरी दार अडतं, आणि रोज अडत राहिलं की झिजतं. लेपाने पायरी मोडत नाही.

कामट्यांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. घट्ट बांधल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, किंवा बोटं हलकेच सरळ केल्यावर जीव जाईल असं दुखलं, तर त्याच मिनिटाला सोडा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आवळलेल्या हातातले स्नायू काही तासांत मरतात. असा वाकडा, वाळलेला हात घेऊन आलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांचं हाड छान जुळलेलं असतं.

रुईची_गाठ · १४ जुलै, दुपारी १:१०

जिनिंगवर काम करतो. पट्ट्यात हात ओढला गेला होता, तळहाताचं लांब हाड पिळल्यासारखं मोडलं. सांध्यात नव्हतं. बाहेरून बोट सरळ दिसायचं, मीही खूश, दाखवणारेही खूश. दीड महिन्याने पट्टी सुटली, मूठ मिटली, तर अनामिका सरळ मधल्या बोटावर चढून बसली. जत्रेत खांद्यावर हात टाकून फिरतात तसं. फावड्याचा दांडा धरला की दोन बोटं एकमेकांना चेंगरायची. शेवटी हाड परत कापून फिरवून बसवावं लागलं.

तेव्हा अंजनीकाठ भाऊ, बोट वाकवू देतील तेव्हा चारही नखं बघ. मिटताना सगळी बोटं अंगठ्याच्या बुडाकडे, मनगटाच्या त्या कोपऱ्याकडे वळली पाहिजेत. एखादं रस्ता सोडून चाललं असेल तर तेव्हाच बोल.

हाडाचा_डॉक्टर · १४ जुलै, दुपारी १:२५

हे फार नेमकं लिहिलंत. पीळ एक्स-रेत सहज दिसत नाही, मुठीत दिसतो.

चाळीसगावची_मम्मी · १४ जुलै, दुपारी ३:४०

विषय सोडून विचारते, माफ करा. मुलगा ९ वर्षांचा, काल दारात बोट चेमटलं. नख मुळाशी वर आलंय, नखाखालून रक्त येतंय, टोक जरा खाली झुकलंय. हळद भरून पट्टी बांधली. नख पडून नवीन येईलच ना?

हाडाचा_डॉक्टर · १४ जुलै, दुपारी ३:४८

ताई, थांबू नका, आजच दाखवा. लहान मुलांत नखाच्या मुळाशी हाडाची वाढ होणारी जागा असते. नख मुळातून बाहेर आलंय आणि टोक झुकलंय याचा अर्थ बहुधा त्या वाढीच्या जागेतूनच हाड मोडलंय आणि जखम थेट हाडापर्यंत उघडी आहे. ती धुऊन घ्यावी लागते, नखाची गादी मध्ये अडकली असेल तर सोडवून हाड बसवावं लागतं, अँटिबायोटिक लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही सांगा. हळद धुऊन काढू द्या त्यांना, तुम्ही चोळू नका.

चाळीसगावची_मम्मी · १४ जुलै, रात्री ८:१५

जाऊन आलो. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. भूल देऊन धुतलं, नख परत आत बसवून टाका घातला. धन्यवाद हा शब्द कमी पडतो.

मांडेवाली_आक्का · १४ जुलै, रात्री ९:००

आता माझं ऐका. सहा वर्षांपूर्वी ओट्यावरून पाय घसरला, हात टेकवला तर सगळं वजन अंगठ्यावर आलं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ सूज. मुरगळलं म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून अधिकमासाचे जावई जेवू घातले. नंतर केव्हातरी फोटो काढला तर म्हणे बुडाच्या सांध्यात मोडलेलं आणि आता तसंच जुळलेलं.

आता बघा, मांडे करायचे म्हणजे काय. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर नाचवत कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि तापल्या खापरावर अलगद टाकायचा. त्यात अंगठा लागत नाही, उलट बाजूला ठेवावा लागतो. त्यामुळे मांडे अजून होतात! पण बरणीचं झाकण, पापडाचा गोळा तोडणं, सुईत दोरा, कुलपाची किल्ली, चिमटीत धरायचं काहीही आलं की बुडाशी कळ येते. थंडीत जास्तच. माणसाला वाटतं अंगठा एक बोट आहे. अंगठा अर्धा हात आहे.

हाडाचा_डॉक्टर · १४ जुलै, रात्री ९:३०

आक्का, तुमच्या वर्णनावरून हे बेनेटचं फ्रॅक्चर वाटतं. डब्लिनच्या एडवर्ड बेनेट यांनी १८८२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. तिथे गंमत अशी की छोटा तुकडा जागेवर घट्ट बसलेला राहतो आणि अंगठ्याचं उरलेलं पूर्ण हाडच एक स्नायू ओढून बाहेर नेतो. बाहेरून कितीही बांधा, स्नायू आतून ओढतच असतो. म्हणून त्याला बहुतेक वेळा तार किंवा स्क्रू लागतो. आता सहा वर्षांनी सांधा झिजला असेल. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट, जाड दांड्याची भांडी, गरज पडल्यास इंजेक्शन, आणि अगदीच असह्य झालं तर शस्त्रक्रिया. एकदा दाखवा तरी.

मांडेवाली_आक्का · १४ जुलै, रात्री ९:३८

दाखवते. तुम्ही या मांडे खायला.

अंजनीकाठ · १५ जुलै, संध्याकाळी ६:२०

बोटाचा बाजूचा एक्स-रे काढला. फिल्म हातात घेऊन मीच उजेडात धरली आणि दिसलं. डॉक्टर म्हणाले होते ती उलटी व्ही. मधलं पेर वरच्या बाजूला चढून बसलेलं, जणू बैलगाडीचं जू मानेवरून सरकलंय. तुकडा साधारण ४० टक्के सांगितला. कच्चं प्लास्टर लगेच काढलं.

शासकीय रुग्णालयात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं: बोट वाकवलं की सांधा जागेवर येतो, सरळ केलं की निसटतो. म्हणून उद्या बोट बधिर करून, सी-आर्मखाली (पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत, वाकवलेल्या स्थितीत एक तार अशी घालणार की बोट वाकू शकेल पण ठरावीक कोनापलीकडे सरळ होणार नाही. दारामागे अडणी ठेवतात तसं.

परवा आषाढी, उद्यापासूनच उपास धरतो म्हटलं तर हसले. म्हणाले, बोटाच्या भुलीला उपास लागत नाही, नाश्ता करून या.

फिजिओताई · १५ जुलै, रात्री १०:०५

नंदुरबारहून. फार बरं झालं. या पद्धतीचा मोठा फायदा हा की बोट पहिल्या आठवड्यापासून वाकवता येतं.

आमच्याकडे सातपुड्यातून माणसं येतात, अक्कलकुवा, धडगावकडून. यायला उशीर होतो. दोन गाड्या बदलायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, त्यांना दोष देता येत नाही. पण त्यांचे हात बघितले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हाड जुळलेलं असतं आणि बोट लाकूड झालेलं असतं. बोटाचं हाड तीन-चार आठवड्यांत कामापुरतं धरतं, एक्स-रेत रेघ त्यानंतरही बरेच दिवस दिसत राहते. लोक ती रेघ पुसायची वाट बघत दोन-दोन महिने पट्टी ठेवतात.

आणि पंजा सपाट पाटासारखा बांधणं. मुठीच्या उंचवट्यांचे सांधे सरळ ठेवले की त्यांच्या बाजूच्या दोऱ्या सैल राहतात आणि सैल असतानाच आखडतात. मग ते सांधे वाकतच नाहीत. म्हणून पंजा बांधायचाच झाला तर ते सांधे ७० ते ९० अंशांत वाकवून आणि बोटांचे पुढचे सांधे सरळ ठेवून बांधतात. (तुमच्या बोटाला सध्या वेगळा नियम आहे, तुमचा मधला सांधा वाकलेलाच राहणार.) हात गळ्यातल्या झोळीत लोंबता ठेवू नका, झोपताना उशीवर, छातीपेक्षा उंच. सूज म्हणजे सांध्यात ओतलेला डिंक समजा.

अंजनीकाठ · १६ जुलै, रात्री ८:४०

झालं. बोटाच्या मुळाशी दोन सुया, त्या मात्र झोंबल्या. मग काही कळलं नाही, फक्त बारीक ड्रिलचा आवाज आणि समोर पडद्यावर माझं स्वतःचं बोट. सांधा कसा सरकन जागेवर आला ते मी जागेपणी बघितलं. पाऊण तासात बाहेर. तारेचं टोक कातडीबाहेर आहे, वाकवून टोपी घातलीय. योजनेत बसलं, औषधं आणि येण्याजाण्याचा खर्च तेवढा माझा.

सूचना: तार कोरडी ठेवायची, शेणामातीत हात नाही, फवारणीची टाकी नाही. लाली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी या. वाकवा, पण सरळ करायला जोर नको.

कापूसकोंड्या · १६ जुलै, रात्री ९:०२

बरं झालं भाऊ. मी रागावलो नव्हतो, आजोबांची आठवण आली एवढंच.

अंजनीकाठ · २९ जुलै, दुपारी २:१५

तेराव्या दिवसाचा अहवाल. दिवसातून सहा वेळा वाकवतोय. पहिले चार दिवस बोट हललं का मीच हलवलं असं वाटलं ते सांगता येईना. आता तळहात आणि बोटाच्या टोकामध्ये चार बोटं अंतर राहतं. तारेजवळ जरा चिकट पाणी आलं होतं, घाबरून दाखवायला गेलो. म्हणाले लाली नाही, पू नाही, साफ करत राहा.

पाऊस थांबत नाहीये. प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून हिंडतो. गावातली पोरं "कॅरिबॅग मामा" म्हणायला लागलीत.

मांडेवाली_आक्का · २९ जुलै, दुपारी २:४०

मीही जाऊन आले. सांधा झिजलाय खरंच. अंगठ्याचा स्प्लिंट मिळाला. घातला की बरं वाटतं, भाकरी थापताना काढावा लागतो आणि मग परत घालायचा विसरते.

अंजनीकाठ · १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

काल कानबाई बसली, आज सकाळी विसर्जन झालं, आणि तिकडून थेट दवाखान्यात. सत्तावीस दिवसांनी तार निघाली. पकडीने धरली, एक पीळ, बाहेर. सुईइतकंही दुखलं नाही. मी मात्र डोळे मिटून घेतले होते. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "एवढुशी?"

एक्स-रेत सांधा जागेवर आहे. बोट मात्र मधल्या सांध्यात वाकलेलं, सरळ होत नाही. आता घाबरू का?

फिजिओताई · १२ ऑगस्ट, रात्री ९:४५

आत्ता नाही. तार होती म्हणून सरळ होत नव्हतं, आता आखडलंय म्हणून होत नाही. ते कमावायचं असतं.

डाव्या हाताच्या चिमटीत उजव्या बोटाचं पहिलं पेर घट्ट धरा, ते हलू देऊ नका, आणि फक्त मधला सांधा वाकवा, सरळ करा. पहिलं पेर न धरता व्यायाम केला की मुठीचा मोठा सांधा सगळं काम करून टाकतो आणि तुम्हाला वाटतं बोट वाकलं. दुसरं, मुठीचे आकार: आधी सगळी बोटं सरळ, मग फक्त टोकं वळवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग नखं न वळवता सपाट मूठ. प्रत्येक आकार दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात. कामाच्या वेळी शेजारच्या बोटाशी पट्टीने बांधा, मध्ये कापसाची घडी ठेवून. सरळ करण्यासाठी रात्रीचा स्प्लिंट केव्हा द्यायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यांना विचारा.

दुसऱ्या कोणाकडून ओढून, दाबून, मालिश करून वाकवून घेऊ नका. व्यायामानंतर दुखणं तासाभरात ओसरलं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर जास्त झालं. आणि हात खूप सुजून चकचकीत झाला, रंग बदलला, नुसता वारा लागला तरी आग व्हायला लागली, तर व्यायाम थांबवून लगेच दाखवा. ती वेगळी भानगड असते.

यार्डमास्तर · १२ ऑगस्ट, रात्री १०:००

आणि आंघोळीच्या वेळी "बघू तरी" करू नका.

अंजनीकाठ · ३ सप्टेंबर, सकाळी ११:३०

काल पोळा झाला. आठ आठवडे झाले. बोटाचं टोक तळहाताला टेकायला एक सेंटिमीटर कमी पडतं, सरळ करताना पंधरा अंश राहतात. थंड पाण्यात घातलं की ठणकतं. विळा धरता येतो, कुऱ्हाड अजून नाही. सर्ज्याची शिंगं मीच रंगवली, ब्रश उजव्या हातात, हिंगूळ निम्मा शिंगावर आणि निम्मा माझ्या बोटावर. मिरवायला मुलगा घेऊन गेला. कासरा धरताना त्याने वेढा दिला नाही, मी तीनदा बघितलं.

एक विचारायचं होतं. मधला सांधा अजून जाड आहे, अंगठी त्याच्यावरून जात नाही. जळगावला सराफाकडे नेली तर तो म्हणाला दोन नंबरने वाढवू. वाढवू का?

फिजिओताई · ३ सप्टेंबर, दुपारी १२:१०

मुळीच नाही. या सांध्याची सूज सहा महिने ते वर्षभर उतरत राहते. थोडा जाडसरपणा कायमचाही राहील, पण किती ते आत्ता कळणार नाही. आज वाढवाल आणि होळीला ती नांगरताना वावरात गळून पडेल.

मांडेवाली_आक्का · ३ सप्टेंबर, दुपारी १२:२२

आणि मग शोधायला सर्ज्यालाच लावशील.

अंजनीकाठ · ३ सप्टेंबर, दुपारी १२:३०

बरं. त्याच दोऱ्यात ओवून बायकोने गळ्यात अडकवलीय. बोट बरं शे आते.